प्रेक्षक होते, वाचक घडवावे लागले : झाडीपट्टीतल्या एका लेखिकेचं प्रकरण

हे प्रकरण २०२२ ते २०२४ या काळातलं, ब्रह्मपुरी-वडसा भागातलं आहे. लेखिका, तिचं गाव, नाटक कंपनी आणि प्रकाशक यांची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. निर्णय कसे झाले ते मात्र जसं घडलं तसंच ठेवलं आहे. त्या वेळी मी तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत होतो आणि यातल्या बहुतेक चर्चा वाचनालयाच्या खोलीतच झाल्या. गावात राहून लिहिणाऱ्या माणसाला त्याचा मुलूख काय देतो आणि त्याच्याकडून काय मागतो, हे या प्रकरणाइतकं स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

पार्श्वभूमी

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतला वैनगंगेकाठचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. धान, तलाव, बोड्या आणि जंगल. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, आणि धान घरात आलं की नाटक. भाऊबीजेच्या सुमारास हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत चालतो. रात्री नऊ-दहाला उघडलेला पडदा पहाटे पडतो. गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, लेकी-जावई, पाहुणेरावळे येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, आणि रात्री सगळे घोंगड्या-चादरी घेऊन मंडपात बसतात. कंपन्यांची कार्यालयं देसाईगंजला, म्हणजे आमच्या भाषेत वडशाला. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, तिकीट लावतं आणि उरलेल्या पैशातून देवळाचं किंवा शाळेचं एखादं काम काढतं. सगळा व्यवहार तिकिटावर उभा आहे. महाराष्ट्रातल्या ज्या मोजक्या ठिकाणी खेड्यातला शेतकरी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून रात्रभर नाटक बघतो, त्यांतलं हे एक. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले, कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळलं. इथल्या माणसांनी ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं होतं.

आमची लेखिका या वातावरणात वाढली. वडील दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, काम करायचे, पुढे गावच्या हौशी नाटकात प्रॉम्प्टर झाले. नाटकाची एकच वही असायची. त्या वहीवरून प्रत्येक नटाची नक्कल, म्हणजे फक्त त्याच्या वाट्याची वाक्यं, वेगळ्या कागदावर उतरवून द्यायचं काम या मुलीकडे होतं. सातवी-आठवीत असल्यापासून तिने किती नकला उतरवल्या असतील याची गणती नाही. माझ्या मते तिचं लेखनाचं शिक्षण तिथेच झालं. एकाच पात्राची वाक्यं सलग लिहिली की ते पात्र सारखं तेच तेच बोलतंय का, त्याच्या वाट्याला नुसते होकार आलेत का, हे हाताला कळतं. बी.ए.ला मराठी घेतल्यावर तिने जे वाचलं ते तिच्या उपयोगी पडलंच, पण संवाद छाटण्याची सवय तिला नकलांनी लावली.

लग्नानंतर ती शेजारच्या तालुक्यात आली आणि सहकारी संस्थेच्या धान खरेदी केंद्रावर कारकून म्हणून लागली. वजन, बारदाना, सातबारा आणि महिनोन्‌महिने न येणारे चुकारे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे. रांगेत उभी माणसं बोलत असतात आणि ती नोंदी करता करता ऐकत असते. तिथूनच तिच्या कथा आल्या. तेंदूपत्ता तोडायला गेलेला नवरा वाघाने मारल्यावर बाईच्या नावे आलेली नुकसानभरपाई, तिच्यातली काही रक्कम हातात, उरलेली बँकेत मुदत ठेव, आणि त्या ठेवीवर डोळा ठेवून बसलेलं घर. ब्रह्मपुरी वन विभागात वाघ आणि माणूस यांचा संघर्ष रोजचा आहे. तिथे ही गोष्ट कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. ही एक कथा तिने नंतर नाटकात वाढवली.

२०२२ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे दोन गोष्टी तयार होत्या : कथांचं एक हस्तलिखित आणि एका चार अंकी नाटकाचा कच्चा खर्डा.

अडचण

तोवर इथली नाटकं दोनदा मोडून पुन्हा उभी राहिली होती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि पट थांबले. ज्या गावांत पटाच्या गर्दीवर नाटक चालायचं तिथली मंडळं नाटक ठरवायला कचरू लागली. त्यानंतर कोरोनाने एक अख्खा हंगाम गिळला. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि पुढच्या हंगामासाठी कंपन्या नव्या संहितांच्या शोधात निघाल्या. आमच्या लेखिकेची वही अशा वेळी एका कंपनीच्या व्यवस्थापकाच्या हाती लागली.

त्याने निरोप धाडला, मग स्वतःच आला. माणूस सरळ होता. "ताई, नाटक चालते. पण दुसऱ्या अंकात लोक झोपतील. कॉमेडी टाका. आणि शेवट असा नोको, बाईले न्याय भेटला पाहिजे." मोबदला एकरकमी, तिच्या केंद्रावरच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा. पोस्टरवर नाव. लिखापढी काही नाही, कारण इथे शब्दावर चालतं.

त्याच महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका प्रकाशकाचा फोन आला. कथा त्यांना आवडल्या होत्या. अटी दोन : संवादांतली झाडीबोली प्रमाण मराठीच्या जवळ आणावी, आणि छापलेल्या प्रतींतला एक हिस्सा लेखिकेने विकत घ्यावा. दुसरी अट आता मराठी प्रकाशनात नवी राहिलेली नाही आणि प्रकाशकाचं गणितही समजण्यासारखं आहे, पण केंद्रावरच्या कारकून बाईला ती पेलणारी नव्हती.

दोन्ही बाजूंनी तिला हात मिळत होता आणि दोन्ही बाजू तिच्या लेखनाचा एक एक तुकडा काढून ठेवायला सांगत होत्या. एकीकडे शेवट, दुसरीकडे बोली. यात आणखी एक गाठ होती ती वेळेची. कंपनीला संहिता दसऱ्याच्या आधी हातात हवी, म्हणजे तालमी होतात. रोवणी आटोपल्यावर तिला मोकळे मिळतात ते जेमतेम दोन महिने. दिवाळी झाली की धान खरेदी सुरू होते आणि श्वास घ्यायला सवड नसते. एका पावसाळ्यात नाटकही दुरुस्त करायचं आणि पुस्तकही, हे होणारं नव्हतं. कुठल्यावर आधी हात घालायचा?

समोरचे पर्याय

तिचा नागपूरला राहणारा मावसभाऊ म्हणाला, गाव सोड. नागपुरात काहीतरी नोकरी बघू, तिथे विदर्भ साहित्य संघ आहे, कार्यक्रम होतात, ओळखी होतात. हा सल्ला उडवून लावण्यासारखा नव्हता. १९२३ पासून उभी असलेली संस्था आणि शहरातला वाचकवर्ग यांचा लेखकाला खरोखर उपयोग होतो. पण इथून नागपूर शंभर किलोमीटरच्या वर, घरी धानाची शेती, दोन मुलं, म्हातारी सासू. आणि तिने स्वतः जे कारण दिलं ते मला सगळ्यांत पटलं : केंद्रावरची रांग सुटली तर मी लिहू काय? पर्याय तिथेच संपला.

कंपनीचं जसंच्या तसं मान्य करणं हा दुसरा. पैसे लगेच, नाव गावोगाव. पण हक्क सगळे तोंडी बोलीवर जाणार. इथे एक गोष्ट माहीत असायला हवी, आणि झाडीपट्टीतल्या बहुतेक लेखकांना ती माहीत नसते. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर संपूर्ण भारत. आमच्या कार्यकारिणीत एक वकील होते, त्यांनी हे पहिल्यांदा समोर ठेवलं. तोंडी बोलीने हक्क जात नाहीत, हे कळल्यावर लेखिका सुटल्यासारखी हसली. पण वकिलांनी लगेच पुढचं सांगितलं : जात नाहीत हे खरं, तरी उद्या कुणी नाटक वापरलं तर काय ठरलं होतं तेही सिद्ध करता येणार नाही.

तिसरा पर्याय प्रकाशकाचा. बोली बदलायला ती सुरुवातीला अर्धी तयार होती. तिला वाटायचं, लांबच्या वाचकाला कळलं पाहिजे. यावर आमच्यात खूप वाद झाला. माझं मत स्पष्ट होतं आणि आजही तेच आहे : डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी उभं आयुष्य वेचलं, बोलीची साहित्य संमेलनं गावोगाव भरू लागली, ते काय आपल्याच लेखिकेने पहिल्या पुस्तकात बोली पुसून टाकावी म्हणून? तरीही माझं मत म्हणजे तिचा निर्णय नव्हे, हेही तितकंच खरं.

चौथा पर्याय वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी सुचवला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. कथा तिकडे पाठवाव्यात आणि पावसाळा नाटकाला द्यावा. इतकी सोपी गोष्ट, पण ती सुचायला खोलीत ग्रंथपाल लागल्या. आमचं वाचनालय लहान, अनुदान तुटपुंजं, वर्तमानपत्रांची बिलं भागवतानाच दमछाक होते. तरी लिहिणाऱ्या माणसाला योग्य वेळी योग्य माहिती मिळणं हे त्या खोलीमुळेच झालं.

काय केलं

क्रम असा ठरला : कथा आधी वाचून दाखवायच्या, बोलीचा प्रश्न ऐकणाऱ्यांपुढे ठेवायचा, हस्तलिखित अनुदानासाठी पाठवायचं आणि मग रोवणी संपताच नाटकाला बसायचं.

वाचनं रविवारी दुपारी झाली. नेहमीचे सात-आठ वाचक येतील असं वाटलं होतं, पण लेखिकेने तिच्या बचत गटातल्या बायकांना आणलं आणि खोलीचा रंगच पालटला. या बायकांनी पुस्तक म्हणून कथा ऐकली नाही, साक्ष तपासावी तशी ऐकली. वाघाच्या कथेत पंचनाम्याचा प्रसंग होता. एका बाईने मध्येच थांबवलं : वनरक्षक एकटा कधी येत नाही, आधी गावातली माणसं प्रेताभोवती बसतात, रेंजर आल्याशिवाय उचलू देत नाहीत. तिच्या दिराच्या वेळी असंच झालं होतं. तो प्रसंग पुन्हा लिहिला गेला आणि त्या कथेचा तो कणा झाला. दुसरीने विचारलं, मोहफुलं वेचायला बाई एकटी कशी गेली? आता कुणी जात नाही, घोळक्याने जातात. तेही बदललं. शहरात बसून एखाद्या संपादकाने कितीही बारकाईने वाचलं असतं तरी या दोन चुका त्याला दिसल्या नसत्या.

बोलीचा निकालही तिथेच लागला, पण मला अपेक्षित होता तसा नाही. संवाद झाडीबोलीत आहेत यावर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. अडलं ते निवेदनाशी. लेखिकेने काही कथांत निवेदनही बोलीत लिहिलं होतं आणि ऐकणाऱ्या बायकांना ते खोटं वाटलं. त्यांचं म्हणणं असं, की माणसं अशी बोलतात, पण गोष्ट सांगणारी तू शिकलेली आहेस, तू आमच्याशी अशी बोलत नाहीस. यावर ती आठवडाभर गप्प होती. मग तिने ठरवलं : निवेदन तिच्या स्वतःच्या, म्हणजे केंद्रावर ती बोलते त्या मराठीत, संवाद पूर्ण झाडीबोलीत, उच्चारानुसार लिहिलेले, शेवटी शब्दांच्या अर्थांची यादी नाही. बांधी, बोडी, परे हे शब्द वाचकाला संदर्भाने कळतील असं वाक्य लिहायची जबाबदारी तिने स्वतःवर घेतली. प्रकाशकाला तिने नम्रपणे नकार कळवला.

आता नाटक. कंपनीच्या व्यवस्थापकाला तिने दोन गोष्टी सांगितल्या : शेवट बदलणार नाही, कॉमेडी देईन. हा निर्णय मला या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. झाडीपट्टीत विनोदी पात्राशिवाय नाटक उभं राहत नाही. पाच-सहा तास बसलेल्या माणसाला ते हवंच असतं आणि त्यात गैर काहीच नाही. त्रास होतो तो कथेशी संबंध नसलेला विनोदवीर मध्येच येऊन अर्धा तास खाऊन जातो तेव्हा. तिने धान केंद्रावरचा हमाल आणला. काट्यावर पोतं टाकता टाकता तो वजनावरून, बारदान्यावरून, चुकाऱ्यांवरून बोलतो, सगळ्यांची फिरकी घेतो, आणि मुदत ठेवीची बातमीही गावभर तोच पसरवतो. म्हणजे लोक ज्याच्यावर हसतात त्याच्याच तोंडून बाईचं संकट वाढतं. व्यवस्थापकाला हे ऐकून पटलं नाही. वाचून दाखवल्यावर पटलं.

कंपनीला देण्याआधी तिने आणखी एक पायरी घातली : गावच्या हौशी मंडळाकडून मंडईच्या रात्री पहिला प्रयोग. वेळ कमी होता. व्यवस्थापक कुरकुरला, कारण त्यामुळे कंपनीचा प्रयोग डिसेंबरावर गेला. पण या एका रात्रीने बरंच शिकवलं. तिसऱ्या अंकात सासरा नुकसानभरपाईचा आकडा उच्चारतो. संहितेत पंधरा लाख होते. मंडपातून आवाज आला, "आता वीस झाले भाऊ!" शासनाने २०२२ मध्ये मदत वाढवली होती आणि प्रेक्षकांना ते लेखिकेच्या आधी ठाऊक होतं. शेवटावर मात्र मंडप शांत राहिला. बाईला ठेव मिळत नाही, ती मुलांना घेऊन माहेरच्या वाटेला लागते. लोक उठले, कुणी रागावलं नाही. सकाळी चहाच्या टपरीवर सासऱ्याचं चुकलं की दिराचं, यावर वाद चालू होते. व्यवस्थापक ते ऐकून आला आणि शेवटाचा विषय त्याने परत काढला नाही.

करार वकिलांनी साध्या मराठीत दोन पानांत लिहिला. फक्त प्रयोगाचे हक्क, दोन हंगामांसाठी, चार जिल्ह्यांत. छापण्याचे आणि चित्रीकरणाचे हक्क लेखिकेकडे. एकरकमी पैशांऐवजी निम्मे आधी आणि मग प्रयोगामागे ठरावीक रक्कम. व्यवस्थापकाने आयुष्यात पहिल्यांदाच संहितेच्या कागदावर सही केली असेल. तो म्हणाला, "ताई, विश्वास नाही का?" तिने उत्तर दिलं, "भाऊ, विश्वास आहे म्हणूनच तुमच्याकडे आली. कागद माझ्या मुलांसाठी आहे." प्रयोगाआधी संहिता तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या महाराष्ट्र राज्य रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती पाठवताना लेखक म्हणून तिचंच नाव जाईल याची काळजी घेतली. तो कागद पुढे फार कामी आला.

काय निष्पन्न झालं

नाटक दोन्ही हंगाम चाललं. गाजलं असं म्हणणार नाही; हंगामातल्या मोठ्या नाटकांच्या पंगतीत ते नव्हतं. पण मंडळं परत मागणी करत होती आणि हमालाचं काम करणाऱ्या नटाला लोक गावात त्याच नावाने हाक मारू लागले. प्रयोगामागच्या रकमेतून लेखिकेला एकरकमी सौद्यापेक्षा जास्त मिळाले, पहिल्या हंगामात थोडे, दुसऱ्यात बरेच.

दुसऱ्या हंगामात मात्र एक घटना घडली. पलीकडच्या जिल्ह्यात एक दुसरी मंडळी हेच नाटक नाव बदलून करत होती. पोस्टरवर लेखक म्हणून कुणाचंच नाव नाही. लेखिकेच्या नणंदेने ते पाहिलं आणि पहाटेच फोन केला. कोर्टात जायचं का, हा प्रश्न वाचनालयात दोन दिवस घोळला. वकिलांचं मत होतं की बाजू भक्कम आहे. लेखिकेला कोर्ट नको होतं, कारण हंगाम संपला की ही सगळी माणसं पुन्हा एकाच बाजारात भेटणार होती. शेवटी कराराची आणि परिनिरीक्षणाच्या प्रमाणपत्राची प्रत घेऊन ती, वकील आणि कंपनीचा व्यवस्थापक वडशाला गेले. ज्येष्ठ कलावंतांपुढे आणि निर्मात्यांपुढे कागद ठेवले. मघाचा तोच व्यवस्थापक, ज्याला कागदावर सही करणं जड गेलं होतं, तिथे कराराची सर्वांत मोठ्याने बाजू घेत होता. उरलेल्या प्रयोगांचे पैसे आणि पोस्टरवर नाव, दोन्ही मान्य झालं. झालेल्या प्रयोगांचं काही मिळालं नाही.

कथांना अनुदान मंजूर झालं आणि २०२४ मध्ये पुस्तक आलं. इथे आमचा अंदाज साफ वेगळा निघाला. आम्हाला वाटलं होतं, इतके प्रेक्षक तिच्या नावाने तिकीट काढतात, तर मंडपाबाहेर टेबल टाकलं की कथासंग्रह खपेल. टाकलं. मध्यंतरात लोक चहा-भजी घेतात, पोरांना घेऊन शेकोटीपाशी जातात. रात्री एक वाजता पुस्तक हातात घेऊन बघायला कुणाला उसंत? खपलं ते भलतंच. नाटकाची संहिता आम्ही सहज म्हणून स्वस्तात छापून ठेवली होती, तिच्या प्रती संपल्या. हौशी मंडळांना आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांना नाटक करायला हवं होतं. त्यांनी प्रयोगाच्या परवानगीसाठी लेखिकेला पत्रंही लिहिली, कारण पहिल्याच पानावर तशी सूचना होती. कथासंग्रहाला वाचक मिळाले ते हळूहळू : झाडीबोलीच्या संमेलनात, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांकडून, आणि ज्या बचत गटांनी मूळ वाचन ऐकलं होतं त्यांच्या ओळखीओळखीतून. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ते पोहोचलेलं नाही.

म्हणून मी म्हणतो की झाडीपट्टी लेखकाला प्रेक्षक देते, कसलेला, चोखंदळ, पैसे मोजणारा. वाचक ती आपोआप देत नाही. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते आणि ती इथे आजही अपुरी आहे.

वेगळं काय करता येईल

करारात नाव बदलण्याविषयी एक ओळ असती तर दुसऱ्या हंगामातला प्रकार लवकर मिटला असता. आता वाचनालयाने जो नमुना तयार केला आहे त्यात ती आहे : नाटक कोणत्याही नावाने केलं तरी संहिता हीच मानली जाईल आणि लेखकाचं नाव पोस्टरवर ठरावीक आकारात येईल. नमुना मागेल त्याला फुकट देतो. गेल्या हंगामात दोन तरुण लेखकांनी तो वापरला. एका कंपनीने नाकारला, तेव्हा त्या लेखकाने नाटक दुसरीकडे दिलं. हे त्याला परवडलं, कारण त्याच्याकडे शिक्षकाची नोकरी होती. ज्याचं पोट संहितेवरच आहे त्याला असा नकार देता येईल का, याचं उत्तर नमुन्याच्या कागदात नाही. कंपन्यांनी मिळून प्रयोगामागे किमान मानधन ठरवलं तरच ते बदलेल, आणि त्यासाठी लेखकांनी एकत्र येऊन वडशाला बोलणी करायला हवीत. नटांच्या आणि वादकांच्या रात्रीच्या मानधनाचे आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात. लेखकाचा असा आकडाच नाही.

वेळेचा प्रश्नही आधी हाताळता आला असता. कथा आणि नाटक एकाच पावसाळ्यात आणल्यामुळे कथांच्या शेवटच्या दोन मसुद्यांना ती न्याय देऊ शकली नाही, असं ती स्वतः म्हणते. संग्रहातली शेवटची कथा वाचली की ते जाणवतं. वाचनं आधीच्या उन्हाळ्यात, मोहफुलाचा हंगाम संपून तेंदूपत्ता सुरू होण्यापूर्वी घेतली असती तर बायकांनाही सवड मिळाली असती. आता आमची वाचनं त्याच दिवसांत असतात.

पुस्तकाच्या विक्रीसाठी मंडप ही जागा चुकीची, हे कळल्यावर आम्ही मंडळांशी बोललो. नाटक ठरवायला मंडळ वडशाला जातं, तेव्हाच त्याने गावच्या शाळेसाठी इथल्या लेखकांची चार पुस्तकं घ्यावीत, नाटकाच्या शिलकीतून. शिलकीतून शाळेचं काम काढायची रीत आहेच, तिच्यात पुस्तकं घालायची आहेत. आतापर्यंत तयार झालेली मंडळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, पण ज्यांनी घेतली त्यांच्यापैकी एका शाळेने लेखिकेला बोलावलं आणि मुलांनी कथेतला पंचनामा स्वतः करून दाखवला.

आणखी एक गोष्ट कार्यकारिणीपुढे आहे. सांगली जिल्ह्यात औदुंबरला १९३९ पासून संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. नदीकाठचं एक लहानसं गाव इतकी वर्षं ते सांभाळतंय. आमच्याकडे संक्रांत म्हणजे हंगामाचा ऐन भर, सगळे कलावंत आणि मंडळं याच पट्ट्यात असतात. नाटकाच्या रात्रीच्या आदल्या दुपारी लेखकांचं वाचन ठेवायचं, संहितांचं आणि कथांचं दोन्ही, असा प्रस्ताव आहे. विरोधही आहे : दुपारी माणसं पटावर असतात, ऐकायला कोण येणार? लेखिकेचं म्हणणं, बचत गटाच्या बायका येतील, पट तर पुरुष बघतात. येत्या हंगामात एका गावात करून बघायचं ठरलं आहे, आणि दुसऱ्या नाटकाचा पहिला अंक ती तिथेच वाचणार आहे. या नाटकात तिने विनोदी पात्र ठेवलेलं नाही. व्यवस्थापकाला अजून सांगितलेलं नाही.